रडू आलं म्हणून डोंगर वाया गेला नाही

"ताई, मी ४१ वर्षांची आहे. अडीच वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू अजून लुळी आहे, बोलणं बऱ्यापैकी परत आलंय. आई नाही. भाऊ परदेशात असतो. मी घरून नोकरी करते आणि बाबांचं सगळं बघते. दुपारी चार तास मदतीला एक बाई येतात, तेवढ्यात ऑफिसचं महत्त्वाचं काम उरकते. हॉस्पिटल, ऑपरेशनचा निर्णय, कर्ज, सगळं मी न डगमगता पार पाडलं. आणि परवा कपाचा कान तुटला, तर अर्धा तास रडत बसले. मैत्रीण म्हणाली, निसर्गात चल, मन खंबीर होतं. तिनं शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलं आणि रविवारी मला डोंगरावर नेलं. वर पोचल्यावर मला काहीही सुंदर वाटलं नाही. एका दगडावर बसून नुसती रडले. तीसुद्धा घाबरली. सोमवारी पुन्हा सगळं तसंच, वर बाबांना सोडून गेल्याची टोचणी. निसर्गात गेल्यानं मनाची ताकद वाढते असं सगळीकडे वाचते. मग मला उपयोग का झाला नाही? माझ्यातच काही कमी आहे का?"

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्यात काही कमी नाही. पत्र वाचताना मला डोंगरापेक्षा त्या कपाचीच जास्त काळजी वाटली, म्हणून सुरुवात तिथून करते.

अडीच वर्षं तुमचं लक्ष क्षणभरही मोकळं नाही. मीटिंग चालू असते तेव्हा एक कान आतल्या खोलीकडे असतो. झोपेतसुद्धा बाबांचा साधा खोकला कुठला आणि ठसका कुठला हे तुम्हाला कळत असणार. गोळ्यांच्या वेळा, कूस बदलायच्या वेळा, ऑफिसच्या मुदती, कर्जाचे हप्ते हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं, तर बाकीचं सतत बाजूला सारावं लागतं. स्वतःची भूक, कंटाळा, चीड, रडू, सगळंच. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी अनेक वर्षं याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुद्दाम लावून धरलेलं लक्ष थकतं. ते थकलं की माणूस विसरायला लागतो, क्षुल्लक कारणानं भडकतो, साधा निर्णय घेता येत नाही, आणि जे आत दाबून ठेवलेलं असतं ते दाबायला बळ उरत नाही.

ऑपरेशनच्या कागदावर सही करताना न डगमगलेली बाई कपाच्या कानावर कोसळते ती अशी. संकट ताजं असतं तेव्हा शरीर सगळा जोर एकवटतं, माणसं धावून येतात, आणि हे कधीतरी संपणार आहे असं वाटत असतं. अडीच वर्षांनी माणसं आपापल्या कामाला लागलेली असतात, शेवट दिसत नसतो आणि भार मात्र रोजचा असतो. तुमची ताकद कमी झालेली नाही. ती इतके दिवस विश्रांतीशिवाय वापरली गेली आहे.

आता त्या दगडाकडे येऊ. त्या रविवारी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा असं झालं असेल, की पुढचा तासभर तुम्हाला कुणी हाक मारणार नव्हतं. अडीच वर्षांचा पहारा उठला आणि मागे थोपवलेलं बाहेर आलं. बाबांसमोर रडता येत नाही, ते हळवे होतात. ऑफिसच्या कॉलवर रडता येत नाही. तिथं रडता आलं. याला मी उपयोग झाला असंच म्हणेन, जरी तो तुम्हाला हव्या त्या रूपात झाला नाही तरी. तुमच्या मैत्रिणीलाही हे जरूर सांगा. तिनं घाबरून पुन्हा विचारायचं थांबवू नये असं मला फार वाटतं.

"काही सुंदर वाटलं नाही" हे तुम्ही अपराध कबूल केल्यासारखं लिहिलं आहे. तसं वाटायलाच हवं, अशी अट नाही. २००८ साली मार्क बर्मन, जॉन जोनायडीस आणि स्टीफन कॅप्लन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी डोकं शिणवणारं काम दिलं, मग काहींना झाडांनी भरलेल्या उद्यानात आणि काहींना शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवर सुमारे ५० मिनिटं चालायला लावलं. परत आल्यावर ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणायचे होते, त्याला लक्ष चांगलं लागतं. झाडांतून चालून आलेल्यांचं हे काम सुधारलं, रस्त्यावरून आलेल्यांचं तसं सुधारलं नाही. मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. काही जण कडाक्याच्या थंडीत चालले होते. त्यांना ते चालणं अजिबात आवडलं नव्हतं. तरी त्यांचा फायदा इतरांइतकाच होता. म्हणजे आनंद वाटणं आणि थकलेल्या लक्षाला आराम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली नाही तरी दुसरी होऊ शकते.

हे का होत असावं याचं कॅप्लन यांचं स्पष्टीकरण मला पटतं. रस्त्यावर प्रत्येक गोष्ट तुमच्याकडून काहीतरी मागते. हॉर्न वाजला, बाजूला व्हा. पाटी दिसली, वाचा. फोन वाजला, उत्तर द्या. हलणारी पानं, सरकणारे ढग, वाहतं पाणी, मुंग्यांची रांग यांकडे नजर आपोआप जाते, पण ती काही मागत नाहीत. मध्येच नजर काढून घेतली तरी काही बिघडत नाही, चुकून दुर्लक्ष झालं तरी कुणाला इजा होत नाही. तुमच्या दिवसात अशी दुसरी एकही गोष्ट नाही, जिच्याकडे दुर्लक्ष केलेलं चालतं.

शरीराच्या बाजूनंही थोडं सांगते. रॉजर उलरिक यांच्या १९९१ सालच्या एका अभ्यासात १२० विद्यार्थ्यांना आधी तणाव येईल अशी फिल्म दाखवली, आणि मग काहींना निसर्गाची, काहींना शहराची दृश्यं. निसर्ग पाहणाऱ्यांचे ताठरलेले स्नायू, वाढलेला रक्तदाब, घामेजलेली त्वचा हे सगळं काही मिनिटांतच लवकर पूर्वपदावर यायला लागलं. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०२२ साली ६३ जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तासभर जंगलात किंवा गजबजलेल्या खरेदीच्या रस्त्यावर चालण्याआधी आणि नंतर. भीती आणि धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डला या भागाची सक्रियता जंगलातून आलेल्यांमध्ये उतरली होती, रस्त्यावरून आलेल्यांमध्ये होती तशीच राहिली. यातले बरेच प्रयोग थोड्या लोकांवर झालेले आहेत आणि परिणामही मध्यम आकाराचे आहेत, चमत्कार वाटावा असं त्यांत काही नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतींनी पाहिलं तरी दिशा साधारण एकच दिसते. म्हणून मी हे तुम्हाला विश्वासानं सांगू शकते.

एक शंका तुमच्या मनात येईल, ती मलाही नेहमी विचारली जाते. एकटं चालायला गेलं की तेच ते विचार जास्त घेरत नाहीत का? विचारांचं असं रवंथ खरंच घातक असतं. १९८९ साली कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोन आठवडे आधी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी योगायोगानं स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. ज्यांना आधीपासून दुःख मनात घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्य जास्त दिसलं, आणि काही आठवड्यांनीही ते टिकून होतं. त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण झाडांत चालताना उलटं घडताना दिसलं आहे. २०१५ साली ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात ९० मिनिटं निसर्गात चालून आलेल्यांनी हे घोळवणं कमी झाल्याचं सांगितलं, वाहत्या रस्त्याच्या कडेनं चाललेल्यांना तसा फरक जाणवला नाही. बर्मन यांनी २०१२ साली नैराश्याचं निदान झालेल्या लोकांना चालायला पाठवलं, आणि निघण्यापूर्वी त्यांना न सुटलेली, दुखणारी एखादी गोष्ट मुद्दाम आठवायला सांगितली. एवढं करूनही झाडांतून चालून आल्यावर त्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. दुःख घरी ठेवून जावं लागत नाही. ते बरोबर असलं तरी चालतं.

मग सोमवारी सगळं तसंच का होतं? कारण सोमवार तोच होता. बाबांना तेवढीच मदत लागत होती, हप्ता तेवढाच होता, रात्रीची झोप तेवढ्याच वेळा मोडणार होती. निसर्ग भार कमी करत नाही. तो भाराच्या मध्ये छोटी विश्रांती देतो, आणि तिचा परिणाम काही तास टिकतो, फार तर दिवसभर. हे मी इतकं स्पष्ट सांगते, कारण "निसर्गात जा, खंबीर व्हाल" हा सल्ला हल्ली फार सहज दिला जातो. त्यात सगळी जबाबदारी थकलेल्या माणसावरच येऊन पडते. तो गेला आणि बरं वाटलं नाही, की त्याला वाटतं आपलंच चुकलं. तुम्हालाही तेच वाटलं.

संकटातून सावरणारी माणसं कशामुळे सावरतात, याचा एक फार दीर्घ अभ्यास हवाईतल्या कावाई बेटावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी केला. १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना त्या दशकानुदशकं भेटत राहिल्या. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे मानसिक आजार अशा अनेक गोष्टी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं समंजस, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं? मुख्यतः घरातलं किंवा घराबाहेरचं निदान एक असं माणूस, ज्यानं त्यांना घट्ट धरून ठेवलं. आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. सावरण्याची ताकद बरीचशी माणसांच्या आधारातून येते, आणि उरलेली झोप, हालचाल, थोडी मोकळीक अशा साध्यासुध्या गोष्टींतून. झाडं, आकाश, पक्षी यांची जागा त्या साध्या गोष्टींत आहे. ती जागा खरी आहे, पण एकटी पुरेशी नाही.

म्हणून मला तुमच्या भावाबद्दल विचारायचं आहे. पत्रात त्याच्या वाट्याला फक्त तीन शब्द आले आहेत. तो पैसे पाठवतो का, फोन करतो का, वर्षातून येतो का, काहीच नाही. तुम्ही त्याच्याकडे काही मागितलं आहे का? अनेक घरांत असं होतं, की जी मुलगी न डगमगता सगळं करते तिला काही लागत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि ती स्वतःहून सांगत नाही. "मला मदत कर" एवढंच म्हणू नका, ते हवेत विरतं. नेमकं मागा. मदतीच्या बाईंचे आणखी दोन तास, त्याचा खर्च त्यानं उचलायचा. दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी त्यानं बाबांशी व्हिडिओवर तासभर गप्पा मारायच्या, तेव्हा शेजारच्या काकू किंवा त्या बाई बाबांजवळ असतील आणि तुम्ही बाहेर. वर्षातून एकदा त्यानं दोन आठवडे येऊन राहायचं आणि तुम्ही दुसरीकडे झोपायचं. हे मागताना आवाज चढला, रडू आलं तरी मागा. अंतर हे बरंचसं कारण आहे, पण सगळं नाही. पैसा, वेळ, कागदपत्रं, डॉक्टरांशी बोलणं, विम्याचा पाठपुरावा यांतलं पुष्कळ काही दुसऱ्या देशात बसून करता येतं.

आणि ती टोचणी. बाबांना काकूंजवळ ठेवून तुम्ही काही तास गेलात, ते सुखरूप होते. टोचणी लागली म्हणजे काही चुकीचं केलं असा अर्थ होत नाही. अडीच वर्षं जागचं न हललेलं माणूस पहिल्यांदा हललं की ती लागतेच. पुढच्या वेळी थोडी कमी लागेल. बाबांनाच विचारून पाहा, तुम्ही बाहेर गेलात तर त्यांना काय वाटतं. आपल्यामुळे मुलगी घरात अडकली, हे ओझं त्यांच्याही मनावर असू शकतं, आणि ते काढून टाकण्याची संधी त्यांना अजून कुणी दिलेली नसेल.

आता रोजचं. डोंगर सध्या बाजूला ठेवा. तो दूर आहे, त्याला माणसांची जुळवाजुळव लागते, आणि इतक्या खटाटोपानंतर मन आपोआप हिशेब मांडतं की आता तरी बरं वाटलंच पाहिजे. तुम्हाला जवळचं, छोटं आणि वरचेवर मिळणारं काहीतरी हवं आहे. घराजवळ एखादं मोठं झाड असेल, इमारतीमागचा दुर्लक्षित कोपरा असेल, नाहीतर नुसतं आकाश दिसणारी गच्ची. मदतीच्या बाई आल्या की ऑफिसचं काम उघडण्याआधी वीस मिनिटं तिथं. फोन घरी, किंवा त्या बाईंना तातडीचा नंबर म्हणून लागणार असेल तर बरोबर, पण खिशात आणि आवाज चालू. २०१९ सालच्या एका अभ्यासात शहरात राहणाऱ्या लोकांना आठवड्यातून निदान तीनदा, जमेल तेव्हा आणि जमेल तिथं, निसर्गात बसायला किंवा चालायला सांगितलं होतं. कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक सगळ्यात झपाट्यानं उतरलं ते पहिल्या २० ते ३० मिनिटांत. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा जास्त निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान इतरांपेक्षा चांगलं दिसलं, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्यातुकड्यानं. अर्थात बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडतात, हेही त्या आकड्यात मिसळलेलं असणार. माझी कळकळीची विनंती आहे, १२० हा आकडा भिंतीवर लावू नका. तुमच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आकडे आहेत. पाच मिनिटं मिळाली तर पाच.

तिथं जाऊन काय करायचं? काहीच नाही, खरं तर. मन रिकामं करायचा प्रयत्न नको, खोल श्वास मोजायला नको. फक्त कान आणि डोळे यांना कशावर तरी टेकू द्या. पक्ष्यांचा आवाज ऐकू येत असेल तर उत्तमच. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जवळपास १,३०० लोकांनी दिवसातून अनेकदा आपली मनःस्थिती फोनवर नोंदवली. पक्षी दिसला किंवा ऐकू आला की त्यांना बरं वाटत होतं, आणि तो परिणाम काही तास, कधी आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याचं निदान झालेल्यांनाही तो जाणवला. मला एक गोष्ट उपयोगी पडताना दिसली आहे. रोज नवी जागा न शोधता एकाच झाडाकडे जायचं. पालवी, किडे, घरटं, गळलेली पानं, असं त्याचं काहीतरी सतत बदलत असतं आणि हळूहळू ते आपल्या ओळखीचं होतं. तुमचे दिवस एकसारखे झाले आहेत, त्यांत काहीतरी आपलं आपण, तुमच्या मदतीशिवाय पुढे सरकताना दिसणं याचा मनाला दिलासा वाटतो.

जावंसं वाटणार नाही, हे गृहीत धरा. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी लोकांना विचारलं होतं, की बाहेर झाडांतून थोडं चालून आल्यावर किती बरं वाटेल? त्यांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा प्रत्यक्षात त्यांना जास्त बरं वाटलं. थकलेलं मन तर हा अंदाज आणखीच कमी बांधतं. त्यामुळे "आज काही उपयोग नाही" असं वाटलं तर ते खरं धरू नका.

बाबांची खोली कशी आहे ते पत्रात नाही. त्यांच्या पलंगावरून खिडकी दिसते का? उलरिक यांचाच आणखी एक अभ्यास आहे, १९८४ सालचा, या विषयातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना वेदनाशामक औषधांचे तीव्र डोस कमी लागले, आणि नर्सच्या नोंदींत त्यांच्याबद्दल "उदास आहे, धीर द्यावा लागतो" अशा गोष्टी कमी होत्या. पाऊण दिवस म्हणजे फार काही नाही. पण नुसत्या खिडकीनं एवढं होत असेल, तर अडीच वर्षं छताकडे बघत असलेल्या माणसासाठी पलंग हलवून बघायला काय हरकत आहे? शक्य असेल तर त्यांना दिवसाच्या उजेडाच्या खोलीत आणा. उजेडाचा फायदा झोपेलाही होतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो, आणि सकाळी तो डोळ्यांत गेला की शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचं कळतं. बाबा रात्री सलग झोपले तर तुम्हीही झोपाल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पलंग फिरवण्याआधी फिजिओथेरपिस्टना विचारा. डावी बाजू लुळी आहे म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला आहे, आणि अशा वेळी काही रुग्णांचं डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही. खिडकी कुठल्या बाजूला ठेवावी याला मग फार महत्त्व येतं. लुळ्या खांद्याला आधार कसा द्यायचा, आरामखुर्चीत बसवून गॅलरीपर्यंत किती वेळ नेता येईल, हेही त्यांनाच ठरवू द्या.

कुंडीत रोप लावा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तुमच्यासाठी मी तो देणार नाही. तुम्ही आधीच पुरेसं सांभाळता आहात. पाणी घालायला विसरून ते वाळलं तर त्याचीही टोचणी तुम्ही लावून घ्याल. रोप बाबांना द्या. उजवा हात चालतो, त्या हाताला पेलेल असं छोटं भांडं, आणि लवकर उगवणारं, चार दिवसांत फरक दिसेल असं काहीतरी. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना आपले छोटे निर्णय आपण घ्यायला सांगितलं आणि प्रत्येकाला सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार होत्या. पहिल्या मजल्यावरची माणसं थोड्याच आठवड्यांत जास्त सजग, जास्त हालचाल करणारी झाली. नेल्सन मंडेला यांनीही तुरुंगात हेच केलं. रॉबेन बेटावर त्यांनी बागेची परवानगी मिळवली, आणि १९८२ साली पोल्समूर तुरुंगात हलवल्यावर तिथल्या गच्चीवर तेलाची पिंपं अर्धी कापून त्यांत भाज्या लावल्या. ज्याच्या आयुष्यातलं सगळं दुसरे ठरवतात, त्याला एवढीशी गोष्ट आपल्या हातात असणं किती मोठं वाटतं, हे बाबांकडे बघून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. रोप त्यांचं असू द्या. त्यांनी पाणी जास्त घातलं, सांडलं, रोप मेलं, तरी मध्ये पडू नका. दुसरं आणता येईल.

काही गोष्टींवर लक्ष ठेवा. बाहेर जाऊन येताना प्रत्येक वेळी जास्तच खचल्यासारखं वाटत असेल, एकटेपण अंगावर येत असेल, तर जबरदस्तीनं जाऊ नका. कुणाला तरी बरोबर घ्या, नाहीतर काही दिवस थांबा. निसर्ग सगळ्यांना सगळ्या वेळी निवांत वाटत नाही. अंधारी, निर्मनुष्य जागा बाईमाणसाला सावधच करते, आणि सावध मनाला विश्रांती मिळत नाही. जिथं सुरक्षित वाटेल अशीच जागा निवडा, मग ती कमी हिरवी असली तरी चालेल.

आणि हे मी अगदी नीट विचारते आहे. झोप लागत नाही किंवा उठवत नाही, कशातच रस नाही, भूक गेली आहे, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, असं सलग दोन आठवडे किंवा जास्त चाललं आहे का? असेल तर हा लक्षाचा थकवा राहिलेला नाही, ते नैराश्य असू शकतं, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायला हवं. तिथं झाडाखाली बसणं हे उपचाराच्या जोडीला ठीक आहे, उपचाराऐवजी नाही. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर त्या घ्या. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही किती काटेकोरपणे देता, तेवढ्याच काटेकोरपणे. जगणं नको वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर माझ्या उत्तराची, भेटीच्या वेळेची वाट पाहू नका. त्याच क्षणी मैत्रिणीला, काकूंना, हेल्पलाइनला फोन करा, किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. त्या वेळी बाबांजवळ कोण थांबेल हे आजच ठरवून ठेवा, म्हणजे तेवढ्या कारणानं तुम्ही अडणार नाही.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. फिजिओथेरपिस्टना पलंगाबद्दल विचारा. आणि भावाला फोन करा, वर लिहिलेल्यांतली एक गोष्ट नेमकी मागा. वीस मिनिटांचं बाहेर जाणं मदतीचे तास वाढल्यावर सुरू केलंत तरी चालेल. त्याआधी खिडकीशी उभं राहा. भाऊ काय म्हणाला ते मला कळवा. तो नाही म्हणाला तर दुसरं कुणाकडे आणि काय मागता येईल, हे आपण पुढच्या पत्रात पाहू.